दूर म्हणजे कुठून दूर? ट्रिस्टन द कुन्हा बेटांचा इतिहास आणि जीवसृष्टी



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसानं बेटांवर काय बोलायचं? ते भूगोलवाल्यांचं काम. पण बेटांचं आणि तत्त्वज्ञांचं जुनं नातं आहे. थॉमस मोरनं १५१६ साली आपला आदर्श समाज वसवला तो ‘युटोपिया’ नावाच्या एका कल्पित बेटावर. रिकामी जमीन मिळाली, डोक्यावर राजा नसला, पोलीस नसला, तर माणसं एकमेकांशी कशी वागतील? हॉब्ज म्हणाला, मारामाऱ्या करतील. रूसो म्हणाला, तसं नाही, बिघाड नंतर होतो, मालमत्ता आल्यावर. आम्ही मास्तर लोक हा प्रश्न वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून पुसत आलो.

आज ज्या बेटांबद्दल बोलायचंय तिथं हा प्रयोग खरोखर झाला. त्याचा लेखी करार आहे. आणि तो समाज आजही नांदतो आहे, अडीचशेच्या आत माणसांचा. पण तिथं माणसांखेरीज पक्षीही आहेत, आणि माणसांनी आपसांत जो करार केला त्यात पक्षी नव्हते. ही दुसरी बाजूही आज बघायची आहे.

जागा

नकाशा डोळ्यांसमोर आणा. दक्षिण अटलांटिक महासागर. उजवीकडे आफ्रिकेचं टोक, डावीकडे दक्षिण अमेरिका. यांच्या मधे काही ठिपके आहेत. त्यांतला मोठा ठिपका म्हणजे ट्रिस्टन. केप टाउनपासून सुमारे २,८०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्ली रेल्वेप्रवासाच्या दुप्पट, आणि मधे एकही स्टेशन नाही. सगळ्यांत जवळची वस्ती सेंट हेलेनाची, तीही सुमारे २,४०० किलोमीटरवर. जगातली सगळ्यांत एकाकी मनुष्यवस्ती म्हणून या गावाचं नाव घेतात. विमानतळ नाही. केप टाउनहून बोटीनं साधारण आठवडा लागतो, आणि पोचल्यावरही समुद्र शांत नसेल तर बोट तशीच ताटकळते, कारण धक्का लहान आहे.

मुख्य बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला एक ज्वालामुखी. जवळपास गोल, क्षेत्रफळ ९८ चौरस किलोमीटर, आपल्या मुंबई शहर जिल्ह्याच्या साधारण दीडपट. पण शिखराची उंची २,०६२ मीटर. आपली कळसूबाई १,६४६ मीटरची, म्हणजे हा डोंगर तिच्यापेक्षा चारशे मीटरनं उंच, आणि सरळ समुद्रातूनच उठलेला. किनाऱ्याला बहुतेक ठिकाणी उभे कडे. वस्ती करण्याजोगा सपाट तुकडा फक्त वायव्येला आहे. तिथं एकमेव गाव, ‘एडिंबरो ऑफ द सेव्हन सीज’. १८६७ मध्ये व्हिक्टोरिया राणीचा मुलगा, एडिंबरोचा ड्यूक, तिथं येऊन गेला म्हणून हे भारदस्त नाव. गावकरी नुसतं ‘सेटलमेंट’ म्हणतात, म्हणजे ‘वस्ती’.

बाजूला दोन लहान बेटं. एकाचं नाव नाइटिंगेल. दुसऱ्याचं नाव ‘इनॅक्सेसिबल’, म्हणजे अक्षरशः ‘दुर्गम’. आणि साडेतीनशे-चारशे किलोमीटर आग्नेयेला गफ बेट. तिथं कायमची वस्ती नाही, दक्षिण आफ्रिकेचं हवामान केंद्र तेवढं १९५६ पासून चालू आहे.

ही बेटं आली कुठून? आपण महाराष्ट्रातली माणसं काळ्या कातळावर वाढलेली, त्यामुळं हे आपल्याला लवकर समजेल. पृथ्वीच्या पोटात काही जागी उष्णतेचा झोत सतत वर येत असतो. वरचं कवच सरकत राहतं, झोत साधारण जागेवरच असतो. सहासाडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपला भूभाग अशाच एका झोतावरून सरकत होता, तेव्हा दख्खनचे लाव्हाचे थर पसरले. त्यातून सह्याद्री कोरला गेला. तो झोत आज हिंदी महासागरात रेयुनियन बेटाखाली आहे. ट्रिस्टनचंही तसंच. सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वी आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका एकमेकांपासून फाटत होत्या, तेव्हा तिथं लाव्हाचा प्रचंड पूर आला. त्याचे थर आज बहुतेक ब्राझीलकडे आणि थोडे नामिबियात सापडतात. त्याच झोताचा आजचा धूर म्हणजे ट्रिस्टन. म्हणजे रेयुनियनचं आपल्या सह्याद्रीशी जे नातं, तेच ट्रिस्टनचं नामिबियाच्या डोंगरांशी.

नाव

१५०६ साली पोर्तुगालहून हिंदुस्थानकडे एक आरमार निघालं. त्याचा प्रमुख त्रिस्ताव द कुन्हा. वाऱ्याचा फायदा घेण्यासाठी ही जहाजं आफ्रिकेचा किनारा सोडून दक्षिण अटलांटिकमध्ये लांबचा वळसा घेत. त्या वळशात त्याला ही बेटं दिसली. समुद्र खवळलेला होता, उतरता आलं नाही. त्यानं आपलं नाव दिलं आणि तो पुढं गेला. ज्या जमिनीवर त्याचा पाय कधी लागला नाही तिला त्याचं नाव पाचशे वर्षं चिकटून आहे!

याच माणसाचा मुलगा नुनो द कुन्हा. १५२९ ते १५३८ या काळात तो पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर होता. त्याच्याच कारकिर्दीत, १५३० मध्ये, पोर्तुगीजांची राजधानी कोचीनहून गोव्याला आली. १५३४ च्या तहानं गुजरातच्या बहादूरशाहानं वसई आणि मुंबईची बेटं ज्यांच्या हवाली केली, ते पोर्तुगीज याच नुनोच्या हाताखालचे. तेव्हा गोवा-वसईकडे कुणी डिकुन्हा भेटले तर हे आडनाव अटलांटिकच्या मधोमध एका ज्वालामुखीलाही आहे, हे त्यांना जरूर सांगा.

माणसं बेटावर उतरल्याची पहिली नोंद १६४३ ची, एका डच जहाजाची. त्यानंतर दीडशेपेक्षा जास्त वर्षं लोक येत, पाणी भरत, सील मारत आणि निघून जात. सीलची कातडी आणि तेल यांना बाजार होता. काही दशकांत किनारे ओस पडले. १८१० च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या सेलम गावचा जोनाथन लॅम्बर्ट दोन सोबत्यांसह तिथं राहायला आला. त्यानं या बेटांवर आपली मालकी जाहीर केली आणि त्यांचं नाव बदलून ‘विसाव्याची बेटं’ अशा अर्थाचं ठेवलं. १८१२ मध्ये तो आणि दोघं जण समुद्रात बुडाले. मागे एकटा एक इटालियन राहिला. मालकीची घोषणा दीड-दोन वर्षं टिकली.

१८१७ चा करार

मग नेपोलियन आला, म्हणजे त्याची सावली आली. त्याला सेंट हेलेनावर कैदेत ठेवलं होतं. त्याला सोडवायला कुणी ट्रिस्टनवर तळ ठोकेल, अमेरिकनांनाही ते बेट उपयोगी पडेल, म्हणून इंग्रजांनी १८१६ मध्ये त्यावर ताबा मिळवून तिथं सैनिक ठेवले. वर्षभरात सरकारला खर्च परवडेना. १८१७ च्या नोव्हेंबरात सैन्य परत बोलावलं.

एक माणूस म्हणाला, मी इथंच राहतो. विल्यम ग्लास, स्कॉटलंडचा, तोफखान्यातला कॉर्पोरल. बरोबर बायको मारिया, ती केपकडची, आणि दोन मुलं. आणखी दोघं गवंडी राहिले, सॅम्युएल बर्नेल आणि जॉन नॅनकिव्हेल.

या तिघांनी ७ नोव्हेंबर १८१७ रोजी एक कागद केला. कलमं मोजकीच. गुरंढोरं आणि सामान सगळ्यांचं सारखं. नफा झाला तर समान वाटणी. खरेदीचा खर्चही समान. आणि शेवटी ते कलम, ज्यासाठी मी आज हा विषय घेतला. आपापसांत सलोखा राहावा म्हणून कुणीही दुसऱ्यावर कसलंही वरचढपण गाजवायचं नाही, सगळ्यांना सर्व बाबतींत सारखं मानायचं.

हे लिहिणारे कोण? एक हलक्या हुद्द्याचा शिपाई आणि दोन गवंडी. फ्रेंच राज्यक्रांती झालेली होती, युरोपात राजे पुन्हा गादीवर बसले होते. आपल्याकडे त्याच नोव्हेंबरच्या ५ तारखेला खडकीची लढाई झाली, पेशवाईचा शेवट सुरू झाला. जग वरिष्ठ-कनिष्ठाच्या उतरंडीवर चाललेलं असताना या तिघांनी हे लिहिलं.

आता एका गोष्टीकडं लक्ष द्या. करारात समता आली ती सलोख्यासाठी. ‘सर्व माणसं जन्मतः समान आहेत’ असलं काही तत्त्व त्यांनी मांडलेलं नाही. त्यांचा हिशेब व्यवहारी होता. इथं आपण मोजून तीन कर्ती माणसं. होडी ओढायला सगळे लागतात. एक जरी रुसला तर तिघं उपाशी. लष्करातली उतरंड त्यांनी अंगावर काढली होती, आणि ती इथं आणली तर काय होईल हे त्यांना दिसत होतं. मला वाटतं, समतेचं हे समर्थन आपण फार कमी ऐकतो. आपण समतेकडे एक उदात्त मूल्य म्हणून बघतो. ग्लास आणि त्याच्या मित्रांनी तिच्याकडे एकत्र जगण्याची अट म्हणून बघितलं.

पण कागदावर सही कुणाची नाही, तेही बघा. मारियाची नाही. ती त्या बेटावरची चौथी प्रौढ व्यक्ती होती. ‘सगळे’ या शब्दात ती होती की नव्हती? दहा वर्षांनी, १८२७ मध्ये, बेटावरच्या पाच अविवाहित पुरुषांनी एका जहाजाच्या कप्तानाला सांगून सेंट हेलेनाहून पाच स्त्रिया बोलावल्या, लग्नासाठी. त्यांच्यात मिश्रवंशीय स्त्रिया होत्या. सेंट हेलेनावर तेव्हा गुलामगिरी होती. म्हणजे आजच्या ट्रिस्टनकरांच्या रक्तात स्कॉटिश, इंग्लिश, डच, अमेरिकन, इटालियन आणि आफ्रिकी-आशियाई असे सगळे प्रवाह आहेत. आणि त्या आज्या करारात कुठंच नाहीत. आज तिथल्या बेट-परिषदेत आठ सदस्य निवडून येतात, तीन नेमले जातात, आणि किमान एक स्त्री असलीच पाहिजे असा नियम आहे. १८१७ च्या कागदातली गाळलेली जागा भरायला बराच वेळ लागला.

समतेची किंमत

पुढची दीडशे वर्षं थोडक्यात सांगतो. जहाजं फुटत, खलाशी पोहत किनाऱ्याला लागत, त्यांतले काही राहत. १८३६ मध्ये डच खलाशी पीटर ग्रून असाच आला, त्याचं झालं ग्रीन. १८९२ मध्ये इटालियन जहाज फुटलं, त्यातून रेपेट्टो आणि लावारेल्लो आले. आज बेटावर मोजकी आडनावं आहेत: ग्लास, ग्रीन, स्वेन, हेगन, रॉजर्स, रेपेट्टो, लावारेल्लो, आणि अलीकडे आलेली एकदोन.

या लहान वर्तुळाचा परिणाम शरीरावरही झाला. बेटावर दम्याचं प्रमाण खूप आहे, कारण सुरुवातीच्या काही मोजक्या पूर्वजांकडून तो वारसा आला. दम्याची आनुवंशिकता शोधणारे संशोधक त्यासाठी तिथं जाऊन आले आहेत.

खायला मुख्यतः बटाटे, मासे, पक्ष्यांची अंडी. वस्तीपासून काही किलोमीटरवर दगडी गडग्यांनी आखलेले बटाट्याचे वाफे आहेत, ‘पॅचेस’ म्हणतात. पैसा जवळजवळ नव्हताच. १९४६ साली बेटासाठी टपाल तिकिटांचा एक आराखडा केला होता. त्यात एका पेनीच्या तिकिटावर किंमत छापली होती ‘चार बटाटे’!

हे ऐकायला गोड वाटतं, पण १८८५ चं वर्ष लक्षात ठेवा. एक जहाज जवळून जाताना दिसलं. जहाज दिसलं की होडी घालून त्याच्याशी देवाणघेवाण करायची, ही रीत. पंधरा पुरुष एका होडीतून निघाले आणि परत आलेच नाहीत. त्या एवढ्याशा वस्तीतले बहुतेक कर्ते पुरुष एका दिवसात गेले. सगळ्यांनी एकाच होडीत बसायचं, हीच तर त्या समाजाची रीत होती. उरल्या बायका, मुलं, म्हातारे. सरकारनं बेट सोडायची सोय देऊ केली. काही गेले. बाकीचे राहिले.

ज्वालामुखी आणि मतदान

आता १९६१. ऑगस्टपासून जमीन हादरायला लागली. ऑक्टोबरात वस्तीच्या अगदी लगत जमीन फुगून फाटली आणि लाव्हा बाहेर आला. २६४ लोक होते. होड्यांतून आणि मासेमारीच्या बोटींतून ते आधी नाइटिंगेल बेटाकडे गेले, मग एका डच जहाजानं केप टाउनला, आणि तिथून इंग्लंडला. एकही माणूस दगावला नाही. पण शेवंडांचा, म्हणजे लॉबस्टरचा, डबाबंद करायचा कारखाना लाव्हाखाली गेला. बेटाचं रोख उत्पन्न त्याच्यावर होतं.

इंग्लंडमध्ये त्यांना साउदॅम्प्टनजवळ कॅलशॉट इथं घरं मिळाली. वीज, दवाखाना, शाळा, नोकऱ्या, टेलिव्हिजन. सगळ्यांना वाटलं, सुटले बिचारे. आता परत कशाला जातील?

पण ते म्हणाले, आम्हाला घरी जायचंय. वसाहत खात्याला ते पटेना, म्हणून डिसेंबर १९६२ मध्ये गुप्त मतदान घेतलं. परत जाण्याच्या बाजूनं १४८, विरुद्ध ५. १९६३ मध्ये बहुतेक सगळे परत गेले. मागे राहिलेल्या कुत्र्यांनी मेंढ्यांचा फडशा पाडला होता. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. नवं बंदर बांधलं आणि त्याला नाव दिलं कॅलशॉट. म्हणजे इंग्लंडवर राग नव्हता. फक्त तिथं राहायचं नव्हतं.

आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना हे मतदान फार मोलाचं आहे. साधेपणानं राहणाऱ्या माणसांबद्दल नेहमी म्हणतात, त्यांनी दुसरं काही बघितलेलंच नाही, म्हणून ते समाधानी. जॉन स्टुअर्ट मिल म्हणायचा, दोन प्रकारचं सुख ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच विचारा की वरचं कुठलं. इथं दोन्ही अनुभवलेली माणसं होती, आणि त्यांना विचारलं गेलं. पीटर मुंच नावाचा नॉर्वेचा समाजशास्त्रज्ञ १९३७-३८ च्या नॉर्वेजियन मोहिमेतून बेटावर राहून आला होता. या स्थलांतरानंतर त्यानं त्यांचा पुन्हा अभ्यास केला आणि १९७१ मध्ये पुस्तक लिहिलं.

मात्र लगेच ‘साधं जीवन श्रेष्ठ’ असा निष्कर्ष काढू नका. काही कुटुंबं परत गेली, आणि दोनतीन वर्षांत पुन्हा इंग्लंडला आली. त्यांना तिकडचं बरं वाटलं. तोही अनुभवातून घेतलेला निर्णयच आहे.

आज तिथं शेवंडांचा व्यवसाय आहे, पैसा आहे, इंटरनेट आहे. तरी जमीन सामाईक आहे. बाहेरच्या माणसाला ती विकत घेता येत नाही. प्रत्येक घरानं किती गुरं, किती मेंढ्या ठेवायच्या याला मर्यादा आहे. कारण दुहेरी: कुरण टिकावं, आणि एखादं घर फार पुढं जाऊ नये. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीचं ते कलम आज गाईंच्या संख्येत शिल्लक आहे. माणसं जात्याच चांगली असतात म्हणून समता टिकली, असं मला दिसत नाही. दर वर्षी कुणीतरी मेंढ्या मोजतो, म्हणून ती टिकली.

करारात नसलेले रहिवासी

आता पक्ष्यांकडे वळू.

इनॅक्सेसिबल बेटावर, जेमतेम चौदा चौरस किलोमीटरवर, एक पक्षी राहतो. फटाकडीच्या कुळातला, वजन चाळीस ग्रॅमच्या आसपास, गवतातून उंदरासारखा पळतो. त्याला उडता येत नाही. उडू न शकणारा हा जगातला सगळ्यांत छोटा पक्षी, आणि तो या एकाच बेटावर आहे. ट्रिस्टनवर असलेले पाद्री रॉजर्स यांनी त्याचे नमुने लंडनला पाठवले, आणि १९२३ मध्ये पर्सी लो यानं त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. लोला प्रश्न पडला, की उडता न येणारा पक्षी समुद्रामधे पोचला कसा? त्याला वाटलं, पूर्वी जमिनीचा पूल असणार, तो बुडाला. म्हणून बुडालेल्या अटलांटिसवरून त्यानं या पक्ष्याच्या प्रजातीगटाचं नाव ठेवलं. २०१८ मध्ये जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून कळलं, की याचे पूर्वज सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेहून चक्क उडत आले. पूल नव्हता. इथं शिकारी प्राणी नाही, खाणं पायाखाली. पंख पोसायचा खर्च कशाला? पिढ्यान्‌पिढ्या पंख लहान होत गेले.

अशीच गोष्ट भारीटासारख्या दिसणाऱ्या छोट्या पक्ष्यांची. नाइटिंगेल बेटावर त्यांच्या दोन जाती आहेत. एकीची चोच बारीक, गवताच्या बिया टिपणारी. दुसरीची जाड, तिथल्या ‘फायलिका’ झाडाची कठीण फळं फोडणारी. इनॅक्सेसिबलवरही बारीक आणि जाड चोचीचे असे प्रकार आहेत. आधी वाटायचं, दोन्ही बेटांवरचे जाड चोचवाले एकमेकांचे भाऊ. अभ्यासात निघालं उलटं. प्रत्येक बेटावर हा फरक स्वतंत्रपणे घडला. अन्न सारखं, म्हणून चोच सारखी. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण जपून ठेवावं. साम्य दिसलं म्हणजे नातं सिद्ध होतंच असं नाही.

आणि समुद्रपक्षी तर लाखोंनी. ‘ग्रेट शिअरवॉटर’ पक्ष्यांची जगातली जवळजवळ सगळी वीण याच बेटांवर होते, आणि वीण संपली की ते पार उत्तर अटलांटिकला जातात. डोक्यावर पिवळे तुरे असणाऱ्या ‘नॉर्दर्न रॉकहॉपर’ पेंग्विनांचीही बहुसंख्य वस्ती इथंच.

आता सांगा, ही बेटं ‘दूर’ आहेत? शिअरवॉटरला विचारलं तर तो म्हणेल, हे माझं घर, तुमचं मुंबई दूर. ‘दूर’ हा जागेचा गुणधर्म नाही, तो संबंध आहे, आणि संबंधाला दुसरं टोक लागतं. आपण स्वतःला न सांगता ते टोक धरून ठेवतो.

आणि ती खरंच दूर असती तर पुढचं काही घडलंच नसतं. १८८२ मध्ये एक जहाज फुटलं, त्यातून उंदीर ट्रिस्टनवर उतरले. गावकरी आजही वर्षातून एक दिवस सगळे मिळून उंदीर मारतात. ट्रिस्टनची स्वतःची एक पाणकोंबडी होती, न उडणारी. ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नामशेष झाली. आज बेटावर पाणकोंबड्या दिसतात, पण त्या गफ बेटावरून १९५६ मध्ये आणून सोडलेल्यांच्या वंशातल्या.

१६ मार्च २०११ ला ‘ऑलिव्हा’ नावाचं मालवाहू जहाज ब्राझीलहून सोयाबीन घेऊन सिंगापूरकडे निघालं होतं. ते नाइटिंगेलवर आदळलं. इंधनाचं तेल पसरलं. ट्रिस्टनच्या माणसांनी साडेतीन हजारांहून जास्त तेलकटलेले पेंग्विन गोळा करून आपल्या बेटावर आणले, गावातल्या पोहण्याच्या तलावातसुद्धा ठेवले, रात्रंदिवस धुतले, मासे भरवले. वाचले चारशेहून कमी. ज्या गावात अडीचशे-पावणेतीनशे माणसं, त्या गावानं हे केलं. ब्राझीलचं सोयाबीन आणि सिंगापूरचा ग्राहक, यांचा त्या पेंग्विनांशी काय संबंध? तसा काही नाही, आणि तरी त्यांच्यामुळंच ते मेले.

गफचे उंदीर

शेवटचा मुद्दा अवघड आहे. गफ बेटावर ट्रिस्टन अल्बट्रॉस राहतो. जवळजवळ सगळेच्या सगळे तिथंच. जोडपं दोन वर्षांतून एकदा एकच अंडं घालतं. पिल्लू महिनोन्‌महिने घरट्यात बसून असतं. एकोणिसाव्या शतकात सील मारणाऱ्यांच्या जहाजांतून तिथं घरातला साधा उंदीर, चिचुंद्रीपेक्षाही लहान, पोचला. हिवाळ्यात खायला नसतं, म्हणून हे उंदीर रात्री पिल्लांना जिवंत कुरतडतात. पिल्लू आठदहा किलोचं असलं तरी हलत नाही. त्याच्या कुळाला जमिनीवरचा शत्रू कधी माहीतच नव्हता, त्यामुळं पळायचं असतं हेच त्याला ठाऊक नाही. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅमेऱ्यांनी हे टिपलं. ही जात आता अतिसंकटग्रस्त आहे.

उपाय काय? सगळे उंदीर मारायचे. २०२१ च्या हिवाळ्यात ब्रिटनची पक्षिसंरक्षण संस्था आणि ट्रिस्टनचं सरकार यांनी हेलिकॉप्टरमधून संपूर्ण बेटावर विषारी आमिष टाकलं. डिसेंबरात एका कॅमेऱ्यात पुन्हा उंदीर दिसला. मोहीम फसली. काही उरलेच होते, आणि उंदीर वाढायला काय वेळ लागतो? पण मधल्या त्या एका हंगामात पिल्लं मोठ्या संख्येनं जगली, म्हणजे कारणाबद्दल शंका राहिली नाही.

आपल्या परंपरेत वाढलेल्या माणसाला इथं टोचतं. लाखो उंदरांना विष घालायचं? त्यांचा काय दोष? दोष काहीच नाही. पण अहिंसेचा अर्थ ‘मी हात लावणार नाही’ एवढाच घेतला, तर हात आपण दीडशे वर्षांपूर्वीच लावलेला आहे. उंदीर तिथं स्वतःहून गेले नाहीत. आता हात मागे घेणं म्हणजे पहिल्या हिंसेला चालू राहू देणं. माझं मत असं, की ज्यानं साखळी सुरू केली त्याच्याकडे पुढच्या कडीची जबाबदारी राहते, मग ‘तो’ म्हणजे मेलेले सीलवाले असोत की त्यांच्या व्यापारावर उभं राहिलेलं आपलं जग. तुम्हाला हे पटलं नाही तरी चालेल. पण उंदीर मारू नका म्हणणाऱ्यानं पिल्लाकडं बघून बोलावं, आणि मारा म्हणणाऱ्यानं उंदराकडं बघून.

ट्रिस्टनकर स्वतः काय करतात? त्यांचे पूर्वज पक्षी मारून खात होते. मर्यादित प्रमाणात अंडी आणि शिअरवॉटरची पिल्लं ते आजही नाइटिंगेलवरून आणतात. आणि याच लोकांनी नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्या भोवतीचा सुमारे ६,८७,००० चौरस किलोमीटर समुद्र संरक्षित जाहीर केला. महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा. त्यातल्या नव्वद टक्के भागात मासेमारी, खाणकाम, सगळं बंद. करारात जे नव्हते त्यांना त्यांनी दोनशे वर्षांनी का होईना, थोडी जागा दिली.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: सर, अडीचशे माणसांत समता सोपी आहे. बारा-तेरा कोटींच्या महाराष्ट्रात त्याचा काय उपयोग?*

सोपी आहे हे मला मान्य नाही. लहान गावात भांडणं कमी असतात असा कुणाचा अनुभव आहे? हात वर करा... बघा, एकही नाही. (हशा) तिथं मत्सरही जवळून दिसतो आणि पळून जायला जागा नाही. मोठ्या समाजाला ट्रिस्टनची नक्कल करता येणार नाही, हे खरंय. पण दोन गोष्टी घेता येतील. एक, समता टिकवायची तर मोजमाप आणि नियम लागतात, सद्भावना पुरत नाही. दोन, करार लिहून झाला की विचारायचं, सही कुणाची राहिली? तिथं मारियाची राहिली, अल्बट्रॉसची राहिली. आपल्याकडे कुणाची राहिली हे ज्यानं त्यानं आपल्या गावात बघावं.

*प्रश्न: तो समाज टिकेल का?*

लोकसंख्या कमी होत चाललीय, म्हाताऱ्यांचं प्रमाण वाढतंय, तरुण शिकायला बाहेर जातात आणि सगळे परत येत नाहीत. आपल्या कोकणातल्या वाड्यांना हे नवीन नाही. पण १८८५ नंतर आणि १९६१ नंतरही लोक हेच विचारत होते.

वेळ झाली आहे. पुढच्या व्याख्यानात रेयुनियनकडे जाऊ, म्हणजे आपल्या कातळाच्या माहेरी.